जाळ्याची खोली

त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे मला सुचायला हवं होतं. हे आपल्या बायकोनं केलंय, हा विचार दुसरा आला. दोन्हींच्या मधे फार तर एका श्वासाचं अंतर असेल, पण तेवढ्यात त्याच्या पोटात काहीतरी सरकलं, लिफ्ट मजला चुकवून हातभर खाली थांबावी तसं, आणि ते पुन्हा जागेवर आलं नाही. मंगळवारची दुपार होती. जुन्या मालगोदामात भूमध्य समुद्राच्या काठच्या आयुष्यावर प्रदर्शन मांडलं होतं, त्याचा पहिला दिवस. गोदामाच्या पोटात चार खोल्या उभ्या केल्या होत्या. पहिली कुंभाराची, जिच्या फडताळांत एकही भांडं सरळ नव्हतं आणि तरी सगळी एका घरातली वाटत होती. दुसरीत वेलीच्या मांडवाखाली लांबलचक टेबल, त्यावर नुकतीच जेवून उठलेली माणसं असावीत असे पाव आणि पेले. तिसरी झोपायची, तिथले पातळ पडदे सारखे आत येऊ बघत होते. या तिन्ही खोल्यांतून तो सहज फिरला. तीस वर्षं लोकांची घरं सजवणारा माणूस दुसऱ्याच्या कामातून फिरतो तसा, मागे हात बांधून, कोपऱ्यांचे सांधे बघत, मनातल्या मनात मार्क देत. चौथ्या खोलीच्या दारात मात्र त्याचे हात आपोआप सुटले.

चौथी खोली जाळी दुरुस्त करण्याची होती. चुन्याच्या भिंती, हातानं थापल्यामुळे उंचसखल. गवतानं विणलेल्या बैठकीच्या चारपाच बुटक्या खुर्च्या. आणि वर, खोली भरून, अंबाडीच्या दोरीचं एक प्रचंड जाळं. चार टोकांना छताच्या तुळयांना टांगलेलं, मधे पोटासारखं खाली आलेलं, त्याच्या गाठींना भाजलेल्या मातीची छोटी छोटी वजनं. कुठंतरी पंखा अगदी हळू फिरत असावा, कारण जाळं श्वास घेतल्यासारखं हलत होतं आणि त्याची सावली भिंतींवर अशी सरकत होती, की आपण पाण्याच्या तळाशी उभे आहोत आणि वर उन्हाचा दिवस चालू आहे, असं वाटावं. दारापाशी दोरीच्या तुकड्यांची टोपली होती. येणाऱ्यानं एक तुकडा उचलायचा आणि जाळ्याला कुठंही एक गाठ मारायची. लोक गाठी मारत होते. एक म्हातारी बाई खुर्चीवर बसून नुसती वर बघत होती आणि तिचं तोंड लहान मुलासारखं उघडं राहिलं होतं. त्यानं केलेल्या एकाही दिवाणखान्यात कुणाचं तोंड असं उघडं राहिलं नव्हतं. लोक त्याला ‘मस्त’ म्हणायचे, ‘चकाचक’ म्हणायचे, फोटो काढायचे आणि सोफ्यावरचं प्लास्टिक काढायला घ्यायचे.

विशेष म्हणजे तो समुद्र बायकोनं पाहिलेला नव्हता. त्यानं पाहिला होता. फरशांच्या एका कंपनीनं आठ दिवस फिरवून आणलं होतं, त्याला सोळा वर्षं झाली. त्यानं तिथून चारशे दरवाजांचे फोटो आणले होते. त्या फोटोंवर त्याचा पुढे बराच धंदा चालला. पीओपीची कमान, तिला एक निळा पट्टा, कोपऱ्यात एक मोठा रांजण, आणि गिऱ्हाईक विचारेल तेव्हा तोंडभरून म्हणायचा शब्द: मेडिटरेनियन. असे साठसत्तर जेवणाचे कोपरे त्यानं केले असतील. त्या प्रवासात धक्क्यावर एक आजीबाई जाळं शिवत बसल्या होत्या, जाळ्याचा एक पदर पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेला. त्यांच्या मागे एक सुरेख निळा दरवाजा होता. त्यानं खाणाखुणा करून त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं होतं, फोटोत येत होत्या म्हणून. घरी आल्यावर ही गंमत म्हणून त्यानं सांगितली. आजीबाई जाळं उचलून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत कशा सरकल्या, त्याची नक्कलसुद्धा केली. लेक खूप हसली होती. बायकोनं फक्त विचारलं होतं, “अंगठ्यात म्हणजे कसं? उजव्या पायाच्या?” त्यानं आठवून दाखवलं होतं आणि विसरून गेला होता. आता जाळ्याखालच्या एका बुटक्या खुर्चीसमोर, जमिनीवरच्या फळीत, एक उथळ खळगा त्याला दिसला. वर्षानुवर्षं टाच एकाच जागी टेकून लाकूड झिजावं तसा. त्याच्याजवळ दोरीचा एक पदर जाळ्यातून उतरून अंगठा जिथं असता तिथं ताणून खिळलेला. धक्क्यावरची म्हातारी नव्हती. तिची फक्त जागा होती. आणि ती जागा त्यानंच आणून दिली होती, नुसती आणून दिली होती, फुकटात, हसत हसत, सरका जरा म्हणून.

सवय वाईट असते. त्यानं वर पाहिलं. छताखाली शिरला की त्याची नजर आधी वर जाते, गिऱ्हाइकांच्या घरीही यजमान बोलत असतात आणि हा छताच्या कडा बघत असतो. चार हूक होते. तीन चोख. चौथा, खिडकीकडचा, ज्या तुळईत होता तिच्यावर तेवढ्या वीतभर भागात पॉलिश किंचित पिवळट होतं. म्हणजे तिथं लाकूड खाल्लेलं होतं आणि भोकं बुजवायची लांबी भरून कुणीतरी वरून रंगवलं होतं. म्हणजे हूक लाकडात नव्हता, लांबीत होता. जाणता डॉक्टर रोगी दारातून आत येतानाच ओळखतो, तसं त्याला ते कळलं. जाळ्याचं वजन आज पेलेल. पण येणारा प्रत्येक माणूस त्यावर एकेक गाठ वाढवून जात होता. त्याचं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात खांद्यावर हात पडला. “सर, कसं वाटलं?”

हा कुरळ्या. प्रदर्शन मांडणारा आर्किटेक्ट, अडतिशीचा, केस असे की पेन खोचलं तर हरवेल. नाव चांगलं होतं, पण मनात तो त्याला कुरळ्याच म्हणे. कुरळ्याच्या मागे बायको उभी होती, दोरीनं बोटं सोलपटलेली, केस नीट बांधायला विसरलेली, आणि त्याच्याकडे बघत होती. तो म्हणाला, “छान आहे.” मग त्यालाच ते फार कमी वाटलं, किंवा फार जास्त वाटलं, आणि त्यानं जोडलं, “दोरी जरा जाड झाली.” बायको म्हणाली, “हो?” एवढंच. कुरळ्या हसून दुसऱ्या कुणाला तरी भेटायला गेला. हुकाचं वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, सात-आठ शब्दांचं. ते त्यानं परत आत घेतलं. नंतर तिला एकटीला सांगू, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि हे खोटं आहे हेही त्याला त्याच क्षणी ठाऊक होतं.

खरं तर कुरळ्या पहिल्यांदा घरी आला होता तो त्याच्यासाठी. वर्षभरापूर्वी. प्रदर्शनाला एक अनुभवी सल्लागार हवा होता. बायको तेव्हा बाजारात गेलेली, म्हणून चहा करायला तोच आत गेला. ट्रे घेऊन बाहेर आला तर पाहुण्याची खुर्ची रिकामी. कुरळ्या बाल्कनीत उभा होता आणि कुंड्या टांगायला बायकोनं विणलेल्या दोऱ्या दोन बोटांत धरून बघत होता. “हे कुणी केलं?” त्यानं विचारलं. त्या प्रश्नात असं काहीतरी होतं की चहावर साय धरेपर्यंत तो ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. वीस वर्षं त्या दोऱ्या तिथं होत्या. तो त्यांना पाणी घालायच्या वेळी डोकं आपटतं म्हणून ओळखत होता. चौथी खोली तिच्याकडे आली, आणि पुढं चार महिने न्हाणीघरात मिठाच्या पाण्याच्या बादल्या आणि त्यात भिजणारी दोरी. घरभर ओल्या पोत्याचा वास. तो कुरकुरायचा. “अंघोळ करायची की बंदरावर काम करायचं?” ती म्हणायची, “बादली सरकव आणि कर.”

पण कुरळ्या आला ते एका परीनं बरंच झालं. हेव्याला एक चेहरा मिळाला, तोही तरणाताठा. ती संध्याकाळी उशिरा आली की तो घड्याळाकडे बघून म्हणायचा, “आजही त्याच्याबरोबरच का?” हे बोलताना त्याला आपला आवाज आवडायचा. त्या आवाजात नवरेपण होतं. लेकीनं एकदा फोनवर हसून विचारलं, “बाबा, आई म्हणते तुम्ही त्या आर्किटेक्टवर जळता. या वयात?” त्याला सुटल्यासारखं वाटलं. बायकोवरून दुसऱ्या पुरुषावर जळणं हे लोकांना समजतं, त्यात हसण्यासारखं असलं तरी लाजण्यासारखं काही नाही. बायकोवरच जळणं याला शब्द नव्हता. निदान त्याच्याजवळ नव्हता. दोघं एकाच वर्गात शिकली होती. तो पहिला आला, ती दुसरी. शेवटच्या दिवशी सर त्याला म्हणाले होते, “तुझ्या रेषेत खात्री आहे,” आणि तिला म्हणाले, “तू अजून शोधते आहेस.” या दोन वाक्यांवर त्याचा अख्खा संसार उभा होता म्हटलं तरी चालेल. लेक झाल्यावर तिनं काम सोडलं तेव्हा दोघांपैकी कुणी सोडायचं हा प्रश्न निघालाच नाही, खात्री ज्याच्याजवळ होती त्यानं कामाला जायचं हे उघडच होतं. आणि ती शोधत राहिली. बाल्कनीत, दोऱ्यांत, तो तिकडे पाठ करून पेपर वाचत असताना. तिला सापडलं तर आपलं काय होईल, हा हिशेब त्यानं कधी मांडला नव्हता.

बुधवारी सकाळी ती पावाला लोणी लावता लावता म्हणाली, “तुला आणखी काही म्हणायचंय त्या खोलीबद्दल?”

“नाही. म्हणालो ना, छान आहे.”

“दोरी सोडून.”

“दोरी सोडून काय?”

ती सुरी हातात तशीच धरून जरा जास्तच वेळ थांबली. मग पावाचा तुकडा त्याच्या ताटलीत ठेवून उठली. त्या दिवशी तो एका गिऱ्हाइकाकडे कपाटांची मापं घ्यायला गेला आणि तिसऱ्यांदा माप चुकला. डोक्यात गाठी मोजणं चाललेलं. दिवसाला तीनशे माणसं, वीतभर दोरी, म्हणजे किती ग्रॅम. मग तो स्वतःला समजावू लागला. असल्या प्रदर्शनाला इंजिनिअर असतोच. कुणीतरी तपासलं असेलच. आपण उगाच बोलायचं आणि ते म्हणायचे, यांना बघवत नाहीये. हो, असंच म्हणाले असते. आणि बघवत नव्हतंच, हेही खरं, म्हणजे न बोलण्यात एक प्रकारचा सभ्यपणा होता. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं पुन्हा विचारलं, पायातल्या चपला काढता काढता, तोंड दुसरीकडे करून. “सुचलं का काही?” तो म्हणाला, “काय सुचायचंय?” ती म्हणाली, “नाही, सहज.”

दुसऱ्या दिवसापासून एक चित्र त्याला पुन्हा पुन्हा दिसू लागलं, आणि ते त्यानं दिसू दिलं. खोली रिकामी आहे, कुणी नाही. खिडकीकडचा हूक निसटतो. जाळं एका कोपऱ्यातून सावकाश, अगदी सावकाश खाली येतं, मातीची वजनं टपटप फुटतात. धावपळ. कुरळ्याचा पांढरा पडलेला चेहरा. मग कुणीतरी त्याला फोन करतं आणि तो जातो, शिडीवर चढतो, एका नजरेत दुखणं सांगतो, आणि खालून बायको वर बघत असते. त्यानं हे चित्र सिग्नलला थांबल्यावर बघितलं, दाढी करताना बघितलं, मीटिंगमधे बघितलं. त्यात कुणालाही काही लागत नव्हतं, याची तो दर वेळी काळजी घेत असे. चित्र संपलं की तोंडात गोड चव राहायची आणि थोड्या वेळानं तीच आंबायची.

शुक्रवारी ती जेवता जेवता म्हणाली, “उद्या मुलं येणार आहेत. चाळीस. शाळेतून. खाली बसून गाठी मारायला शिकवणार आहे त्यांना.”

त्याचा घास तोंडातच राहिला. “कुठं खाली?”

“जाळ्याखाली. आणखी कुठं?”

चाळीस मुलं त्याच्या चित्रात शिरली आणि बाहेर पडायला तयार होईनात. तो पाणी प्याला. आता बोल, असं त्याच्या आतून कुणीतरी म्हणालं, अगदी स्पष्ट, त्याच्याच आवाजात. पण आता बोलायचं म्हणजे मंगळवारपासून का नाही बोललास याचं उत्तरही बोलावं लागणार होतं. तो म्हणाला, “भात वाढ थोडा.” तिनं वाढला.

शनिवारी सकाळी प्रदर्शन उघडायच्या तासभर आधी तो गोदामावर पोचला. खांद्याला हत्यारांची पिशवी, तीत ड्रिल, लोखंडी पट्टी, आरपार जाणारे बोल्ट. वाटेत त्यानं सुताराला फोन करून बोलावून घेतलं. हा सुतार वीस वर्षं त्याच्याकडे काम करत होता आणि या खोल्यांची लाकूडकामंही त्याच्याचकडे होती. तो आधीच येऊन शिडी लावून उभा होता. “काय झालं, साहेब?” त्यानं विचारलं. तो पिशवीसकट थेट वर चढला. वरून जाळं निराळंच दिसत होतं, खालच्यापेक्षा दाट, लोकांच्या गाठींनी फुगलेलं, आणि त्यातून मिठाचा, त्याच्या न्हाणीघराचा वास येत होता. त्यानं हात लांब करून पिवळट पॉलिश होतं त्या जागी बोट ठेवलं. बोटाला लोखंड लागलं. थंड, पक्कं. पट्टी होती, तुळईच्या दोन्ही अंगांना, चार बोल्ट आरपार, आणि सगळ्यावर लाकडाचा रंग इतका बेमालूम दिला होता की खालून काही दिसू नये. त्यानं केलं असतं तर असंच केलं असतं.

“हे कधी केलं?” त्यानं वरूनच विचारलं.

“गुरुवारी. वहिनींनी बोलावलं.”

“इंजिनिअरनं सांगितलं होतं?”

“नाही हो. तो येऊन सगळं ओके करून गेला होता. वहिनी म्हणाल्या, साहेबांनी पहिल्या दिवशी त्या कोपऱ्याकडे बघितलं आणि गप्प झाले, म्हणजे तिथं काहीतरी आहे. उकरून बघितलं तर आत नुसता भुसा.” सुतार खालून शिडी धरून उभा होता. “मला वाटलं, चारचौघांत नको म्हणून तुम्ही घरी सांगितलं असेल त्यांना.”

तो उतरला नाही. शिडीच्या वरच्या पायरीवर माणूस फार वेळ उभा राहू शकत नाही, पोटऱ्या भरून येतात, तरी तो उभा राहिला. आपली नजर तिला इतकी पाठ असेल, हे त्याला माहीत नव्हतं. तीस वर्षांत कुणा गिऱ्हाइकानं त्याच्या नुसत्या बघण्यावर तुळई उकरली नव्हती. आणि ज्या दिवशी तिनं ती उकरली, त्या दिवशी तो दाढी करताना जाळं पडताना बघत होता.

खाली पावलं वाजली. बायको दोरीच्या तुकड्यांची पिशवी घेऊन आत आली होती. सुतारानं एकदा तिच्याकडे, एकदा वर पाहिलं आणि “चहा सांगून येतो” म्हणून निघून गेला. तो सावकाश उतरला. तिनं हत्यारांच्या पिशवीकडे बघितलं.

“बुधवारी सकाळी तुला विचारलं,” ती म्हणाली. “संध्याकाळी पुन्हा विचारलं. मग नाही थांबले.”

“काल मुलांचं मुद्दाम सांगितलंस?”

“हो.”

“पट्टी बसवून झाल्यावर.”

“हो. बघायचं होतं मला.”

“मग, आलो ना मी.” हे त्याच्या तोंडून लहान मुलासारखं निघालं.

“आलास. पण काल बोलला नाहीस. एक वाक्य होतं. ते सांगायचं सोडून तू हत्यारं घेऊन आलास.”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला काहीतरी धरायला मिळालं असतं. त्यानं जवळ होतं तेच पुढं केलं. “तो माणूस सारखा तुझ्या मागेपुढे असतो, त्यामुळे माझं डोकं...”

“त्याला यात आणू नकोस,” ती म्हणाली. “त्याच्यावरून तुला काही वाटत नाही, हे मला पहिल्यापासून कळतंय. खरंच वाटलं असतं तर जरा सुखावले तरी असते मी.” ती बुटक्या खुर्चीवर बसली आणि पिशवी मांडीवर उलटी करून तुकडे वेगळे करू लागली. “मला वाईट कशाचं वाटलं सांगू? तुला राग आला असेल, हेवा वाटला असेल, वाटू दे. मला नाही का वाटला तीस वर्षं? तू नवीन घराचे फोटो घेऊन यायचास तेव्हा मी आत जाऊन भांडी घासायचे, घासलेली. पण तुझं छत कधी पडावं, असं नाही वाटलं मला.”

तो समोरच्या खुर्चीवर बसला. इतक्या खाली बसायची सवय नव्हती, गुडघे छातीपर्यंत आले. बोलण्यासारखं खूप होतं आणि ते सगळं स्वतःची बाजू घेणारं होतं, म्हणून तो गप्प राहिला. आपल्या बाजूला काहीच न ठेवता गप्प बसणं त्याला नवीन होतं. घासलेली भांडी पुन्हा घासण्याचा आवाज त्याला आठवत होता. तेव्हा त्याला वाटायचं, किती टापटीप आहे ही. काही वेळानं त्यानं ढिगातून काही तुकडे आपल्याकडे ओढले आणि लांबीनुसार लावायला लागला. तिनं ओढू दिले.

साडेदहाला मुलं आली. चाळीस मुलांचा आवाज खोलीत शिरला आणि भिंतींवरची सावली जोरात हलली. कुणी वर उड्या मारून वजनांना हात लावू बघत होतं, कुणी त्या फळीतल्या खळग्यात आपली टाच बसवून बघत होतं. ती त्यांच्यात बसली. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून तिनं पहिली गाठ दाखवली, आणि चाळीस जणांनी बूटमोजे काढले. तो भिंतीला टेकून उभा होता. तिचा पाय, ज्याला तो रोज बघत होता, तो असा काही करू शकतो हे तो पहिल्यांदा बघत होता. सुंदर होतं ते. पोटातली ती सरकलेली वस्तू अजून तिथंच होती, हातभर खाली, आणि आता तिच्या शेजारी लाज येऊन बसली होती, पण एकीमुळे दुसरी हलली नव्हती.

मुलं गाठींत गुंतल्यावर ती उठून त्याच्यापाशी आली. कपाळावर घाम होता, तो तिनं मनगटानं पुसला.

“हिवाळ्यात हे सगळं दुसऱ्या शहरात न्यायचंय,” ती म्हणाली. “जागा मोठी आहे. जुनी आहे म्हणतात. छत तू बघशील?”

फक्त छत? हे त्याच्या आत सगळ्यात आधी उठलं, इतक्या चटकन, इतक्या सवयीनं, की कालपर्यंत त्यानं ते कौतुकाच्या किंवा थट्टेच्या वेष्टनात घालून बाहेर काढलंही असतं. ते त्याच्या तोंडापर्यंत आलं. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, मंगळवारी बघत होती तशीच, काहीही न सोडता.

“बघेन,” तो म्हणाला. मग म्हणाला, “आणि जे दिसेल ते तिथल्या तिथं सांगेन.”

तिनं लगेच मान डोलावली नाही. आणखी काही येतंय का याची वाट बघितली, आलं नाही, तेव्हा हातातला दोरीचा गुंडा त्याच्या हातात दिला आणि खिडकीकडच्या बाजूला बोट केलं. “तिकडच्या दहा जणांना येत नाहीये. दाखव त्यांना.”

तो गेला आणि बूट काढायला खाली बसला.